आश्रय मागणाऱ्यांचे वर्षानुवर्षं लटकलेले अर्ज : मुदत उलटली तर राहण्याचा हक्क द्यावा का?

रानजाई (मीथ, आयर्लंड)
नमस्कार मंडळी. इथे आयर्लंडातले बरेच जण आहेत, इतर देशांतलेही आहेत, म्हणून धागा काढतेय.

जीव वाचवायला दुसऱ्या देशात आलेल्या माणसाने आश्रयाचा अर्ज केला आणि सरकारने दोन, चार, सात वर्षं त्यावर काही ठरवलंच नाही, तर ठरावीक मुदतीनंतर त्याला राहण्याचा हक्क आपोआप मिळावा की नाही? माझं मत, मिळावा.

ज्यांना इथलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. आयर्लंडने २००० साली 'डायरेक्ट प्रोव्हिजन' सुरू केलं. केंद्रात खोली, तीन वेळचं जेवण आणि हातखर्चाला थोडे युरो. सहा महिन्यांत निर्णय लागेल, तोवरची सोय, असा हेतू. २०१५ मध्ये न्या. मॅकमहन यांच्या समितीचा अहवाल आला तेव्हा या यंत्रणेतले अर्ध्याहून जास्त लोक पाच वर्षांपेक्षा अधिक काळ त्यात होते. काम करायला बंदी. हातखर्च आठवड्याला १९ युरो १० सेंट. बहुतेक केंद्रांत स्वतःची चूल नाही, त्यामुळे मुलांनी आपली आई स्वयंपाक करताना कधी पाहिलेलीच नाही, अशी कुटुंबं इथे होती.

आता काही गोष्टी सुधारल्यात, पण वाट पाहणं संपलेलं नाही. आमच्या जवळच्या केंद्रातल्या बायकांना मी इंग्रजी बोलायला शिकवते. त्यात काँगोची एक शिक्षिका आहे. पहिला निर्णय उशिरा आला, तो नकाराचा. आता अपील पडून आहे. तिच्या मुलाच्या वर्गाची सहल फ्रान्सला गेली. याला देश सोडता येत नाही, म्हणून तो तो आठवडा खालच्या वर्गात बसून होता. त्याने कुणाचं काय बिघडवलंय?

तुमचे अनुभव आणि मतं लिहा. विरोधी मतंही हवीत.

कोकणकडा
'सरकारी काम, सहा महिने थांब' ही आपलीच म्हण वाटायची. आयरिश सरकारने ती अधिकृत धोरण म्हणून घेतली आणि तीही पाळली नाही! वाचतोय.

पेठकर (डब्लिन)
धाग्याच्या भावनेशी सहमत, मागणीशी नाही.

मुदत संपली की हक्क, असं एकदा ठरलं की मुदत संपवणं हाच धंदा होईल. पत्ता बदलला, वकील बदलला, कागद यायचे आहेत, मुलाखतीच्या दिवशी आजारी, अपील, त्यावर पुन्हा अपील. आम्ही क्रिटिकल स्किल्स परमिटवर (इथे तुटवडा असलेल्या कौशल्यांसाठीचा कामाचा परवाना) आलो. पगाराच्या अटी, डिग्रीचे दाखले, सगळं वेळेवर दिलं, दोन वर्षांनी स्टॅम्प ४, म्हणजे परमिटशिवाय राहून काम करायची मुभा, मिळाला. जनरल परमिटवाल्यांना त्यासाठी पाच वर्षं लागतात. नियमाने आलेल्याने रांगेत उभं राहायचं आणि बाकीच्यांना उशिराबद्दल बक्षीस, हे मला पटत नाही.

सिस्टर_वैशाली (कॉर्क)
पेठकर, रांग वेगळी आहे हो. तुम्हाला नाही म्हटलं असतं तर तुम्ही पुण्याला परत गेला असता, आईबाबांकडे. यांना नाही म्हटलं तर कुठे?

मी इथे वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये आहे. केअरर म्हणून काम करणाऱ्यांत केंद्रांतून येणारे पुष्कळ. कोविडमध्ये आमचे निम्मे लोक आजारी असताना त्यांनी होम चालवलं. त्यांना कामाचा हक्क सरकारने आपणहून दिलेला नाही. म्यानमारहून आलेल्या एका माणसाने आठ वर्षांहून जास्त काळ निर्णयाविना काढल्यावर खटला लढवला. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कामावरची सरसकट, कायमची बंदी घटनेत बसत नाही. मग २०१८ पासून परवानगी मिळू लागली.

ती मिळूनही काय व्हायचं बघा. नर्सिंग होम गावाबाहेर, ड्युटी सकाळी साडेसातची, त्या वेळेला बस नाही. आणि ड्रायव्हिंग लायसन्स? अर्ज प्रलंबित असलेल्यांना २०२१ च्या शेवटापर्यंत ते मिळतच नव्हतं. हायवेच्या कडेने अंधारात चालत येणाऱ्या मुली मी पाहिल्यात. मी त्यांच्यातल्या दोघींना घ्यायला जायचे, पण रोज कोण जाणार?

टिकली
एक शंका, राग मानू नका. राहायला खोली, जेवण, दवाखाना फुकट. आपल्याकडे कामगाराला एवढंही मिळत नाही. मग एवढी तक्रार कशाची?

रानजाई
@टिकली, राग कशाला. हातखर्च आता प्रौढाला आठवड्याला ३८.८० युरो आणि मुलाला २९.८० आहे. त्यात फोन, बस, कपडे, औषधाच्या दुकानातलं सगळं. पण पैसा हा मुख्य प्रश्न नाहीच. एका खोलीत आई आणि वयात आलेला मुलगा. कुठल्या केंद्रात राहायचं हे त्यांच्या हातात नाही. एक दिवस पत्र येतं, देशाच्या दुसऱ्या टोकाला हलवलं जातं, आणि मुलांची शाळा मोडते. आपल्याकडच्या कामगाराला गरिबी आहे, पण पुढच्या वर्षी मुलाला कुठल्या शाळेत घालायचं हे तो ठरवू शकतो.

कोकणकडा
अवांतर : या सगळ्यात आमचा वराड गाव आलाच पाहिजे. लिओ वराडकर पंतप्रधान झाले जून २०१७ मध्ये, म्हणजे त्या निकालानंतर लगेच. कामाची परवानगी त्यांच्याच काळात लागू झाली. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१९ च्या डिसेंबरात ते गावी आले होते तेव्हा आख्खा गाव रस्त्यावर. आम्ही अजून त्यांना आपलेच धरतो!

धनुकली
@कोकणकडा, आपले धरा, पण मग हिशोबही मागा. डायरेक्ट प्रोव्हिजन २०२४ पर्यंत बंद करू, अशी श्वेतपत्रिका सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये काढली. त्या सरकारात वराडकर उपपंतप्रधान होते, पुढे पुन्हा पंतप्रधान झाले. ते बंद झालं नाही. उलट २०२४ मध्ये डब्लिनच्या माउंट स्ट्रीटवर, आश्रयाच्या अर्जाचं ऑफिस आहे तिथेच, लोक फुटपाथवर तंबू ठोकून राहत होते.

पेठकर
पण त्याला कारण आहे, ते सांगा ना. २०२१ मध्ये अर्ज आले २,६४९. २०२२ मध्ये १३,६५१. २०२४ मध्ये साडेअठरा हजारांवर. वर युक्रेनमधून आलेली ७०-८० हजार माणसं वेगळी. ५० लाखांच्या देशात, जिथे तुम्हा-आम्हाला भाड्याचं घर मिळायला मारामार. कुठलीही यंत्रणा कोलमडेल.

सिस्टर_वैशाली
२०२२ नंतरचं मान्य. पण २०१५ साली काय होतं? तेव्हा अर्ज कमी होते, तरी लोक पाच-पाच वर्षं पडून होते. गर्दी हे आजचं कारण झालं. उशीर त्याच्या आधीचा आहे.

लीड्सकर
इंग्लंडचं सांगतो. इथे सहा महिन्यांत निर्णय द्यायचं बंधन गृहखात्याने स्वतःवर घातलं होतं. ढीग वाढला तसं २०१९ मध्ये ते बंधनच काढून टाकलं. २०२३ च्या जूनअखेर १ लाख ७५ हजारांवर माणसं पहिल्या निर्णयाची वाट बघत होती. त्यावर्षी हॉटेलांत ठेवलेल्यांची संख्या ५६ हजारांवर गेली. कामाची परवानगी वर्षभर थांबल्यावर मागता येते, आणि तीही सरकारच्या ठरलेल्या यादीतल्या कामांसाठीच. डॉक्टर माणूस हॉटेलच्या खोलीत टीव्ही बघत बसतो.

मग तेव्हाचे पंतप्रधान सुनक यांनी जाहीर केलं की २८ जून २०२२ च्या आधीचे सगळे अर्ज २०२३ संपायच्या आत निकाली काढू. बहुतेक काढले. पण कसे, ते महत्त्वाचं. हजारो अर्ज 'मागे घेतले' असं धरून बंद केले. अवघड म्हणून साडेचार हजार राहिलेच. ज्यांना होकार मिळाला त्यांना हॉटेल सोडायला २८ दिवस. आमच्या फूड बँकेत त्या हिवाळ्यात जी नवीन माणसं आली, त्यातली कितीतरी नुकतीच 'निर्वासित' म्हणून मान्य झालेली होती. आणि घाईत दिलेले नकार अपिलात गेले. २०२५ मध्ये अपिलांचा आकडा ५० हजारांच्या घरात पोचला. ढीग एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकला.

म्हणून मला नुसती 'लवकर करा' ही मागणीही पुरेशी वाटत नाही.

बॅटरीवाला (पुणे)
लीड्सकर, सविस्तर प्रतिसाद आवडला. आयर्लंडच्या 'सुरक्षित देशां'च्या यादीत २०२४ च्या जुलैत भारतही आला ना? म्हणजे भारतीयाने अर्ज केला तर काय होतं?

वकीलीण
@बॅटरीवाला, हो. ब्राझील, इजिप्त, मलावी, मोरोक्को यांच्याबरोबर भारत. अर्ज करता येतो, पण 'माझा देश माझ्यासाठी सुरक्षित नाही' हे सिद्ध करायचं ओझं अर्जदारावर जास्त पडतं आणि ९० दिवसांत निकाल देण्याचं उद्दिष्ट असतं. यात एक मेख आहे. कामाची परवानगी सहा महिने निर्णयाविना गेल्यावरच मिळते. त्याआधी नकार आला तर अपील किती का चालेना, काम नाही.

आता मुख्य मुद्दा. मी मुंबईत वकिली केली, आता इथे या क्षेत्रात मदतनीस म्हणून काम करते. उशीर म्हणजे फक्त वाट पाहणं असं इथे बऱ्याच जणांना वाटतंय. तसं नाही. उशिराने निकाल बदलतो.

आल्या आल्या माणूस प्रश्नावली भरतो. थकलेला, घाबरलेला, दुभाषामार्फत बोलणारा. मुख्य मुलाखत दीड-दोन वर्षांनी. तिथे विचारतात, तुम्हाला पोलिसांनी नेलं तो दिवस कोणता? तो मंगळवार म्हणतो, प्रश्नावलीत गुरुवार. तेव्हा दोन शिपाई लिहिले होते, आता तीन सांगितले. अहवालात येतं, 'कथनात विसंगती, विश्वासार्ह नाही'. मध्ये गेलेला काळ त्याच्या हातात नव्हता, पण त्याचा दोष त्याच्या माथी. छळ सोसलेल्या माणसाची आठवण तारखांच्या क्रमाने चालत नाही हे डॉक्टर सांगतात. दोन वर्षांनी तर ती अजून विस्कटते.

दुसरं, निर्णय होतो तो आजच्या परिस्थितीवर. सीरियाचं घ्या. असद यांची सत्ता ८ डिसेंबर २०२४ ला गेली आणि काही दिवसांत जर्मनी, ब्रिटनसह अनेक देशांनी सीरियन लोकांचे प्रलंबित अर्ज गोठवले. ज्याचा अर्ज महिनाभर आधी निघाला त्याच्या हातात कागद होता. त्याच गावचा, त्याच बोटीतून आलेला दुसरा माणूस लटकला.

तिसरं सगळ्यात वाईट. इथल्या २०१५ च्या कायद्यानुसार निर्वासित म्हणून मान्यता मिळाल्यावर वर्षभरात मुलांना आणण्याचा अर्ज करता येतो. पण तो अर्ज करताना मूल १८ च्या आतलं लागतं. आई आली तेव्हा मुलगी १४ ची, निर्णय लागेतो १९ ची. आईला हक्क मिळतो आणि मुलगी बाहेर राहते. कुणीही 'नाही' म्हटलेलं नसतं.

रानजाई
वकीलीण, हे वाचून पोटात गोळा आला. मी वर लिहिलेल्या शिक्षिकेची थोरली मुलगी किन्शासात मावशीकडे आहे. सतरा पूर्ण झालेत. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवतेय.

नागपुरी_संत्रं
आपल्याकडेही डोकावा जरा. नागपुरात जरीपटक्याला पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेली शेकडो कुटुंबं आहेत. इकडे उल्हासनगर, पिंपरीलाही. फाळणीवेळी आलेल्यांबद्दल बोलत नाहीये, नंतर आलेल्यांबद्दल. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांचा कायदाच नाही. त्यामुळे ही माणसं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात, 'एलटीव्ही'. तो वाढवत राहायचा आणि नागरिकत्वाची वाट पाहायची. मधल्या काळात पाकिस्तानी पासपोर्टची मुदत संपते. मग ज्या देशातून पळून आलो त्याच देशाच्या दिल्लीतल्या वकिलातीत नूतनीकरणाला उभं राहायचं.

आमच्या ओळखीच्या एका घरात सून तिकडची डॉक्टर आहे. इकडे प्रॅक्टिस करता येईना, म्हणून एका दवाखान्यात मदतनीस होती. २०२२ मध्ये मेडिकल कमिशनने अशा डॉक्टरांकडून अर्ज मागवले तेव्हा कुठे आशा दिसली.

नागपूर, पुणे, ठाणे, मुंबईच्या जिल्हाधिकाऱ्यांना डिसेंबर २०१६ पासून नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले, त्याचा खूप फरक पडला. सांगायचं कारण इतकंच की निर्णय घेणारा माणूस जवळ आणला तर फाइल हलते. दिल्लीत एका टेबलावर देशभरची पाठवली तर हलत नाही.

टिकली
पण नागपूरवाल्यांना राहू तरी देतात, काम करू देतात. आणि सीएए मध्ये तर ११ वर्षांऐवजी ५ केली.

नागपुरी_संत्रं
३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच, आणि त्यातही ठरावीक धर्मांना. नंतर आलेल्यांचं काय? २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी व्हिसे रद्द झाले तेव्हा हिंदूंचा एलटीव्ही कायम राहील असं सरकारने स्पष्ट केलं. पण ते स्पष्ट होईपर्यंत जरीपटक्यात कुणी झोपलं नव्हतं. कागद तात्पुरता असला की असं होतं.

मेलबर्नचा_मन्या
ऑस्ट्रेलिया राहिलं. २०१२-१३ मध्ये बोटीने आलेल्या सुमारे ३० हजार लोकांना सरकारने नावच दिलं होतं, 'लेगसी केसलोड'. आधी काही वर्षं अर्जच करू दिला नाही, मग तात्पुरते व्हिसे, दर तीन किंवा पाच वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून. फेब्रुवारी २०२३ मध्ये तात्पुरता व्हिसा असलेल्या १९ हजारांसाठी कायमच्या निवासाचा मार्ग उघडला. पण घाईच्या 'फास्ट ट्रॅक' पद्धतीत नकार मिळालेले हजारो राहिले. ज्या संस्थेने त्यांची अपिलं फेटाळली तीच संस्था सरकारने २०२४ मध्ये गुंडाळली, नकार मात्र तसेच.

माझ्याबरोबर गोदामात काम करणारा तमिळ दादा त्यातलाच आहे. त्याची इथे जन्मलेली मुलगी आता हायस्कुलात आहे.

पेठकर
सगळं वाचलं. वकीलीणबाईंच्या मुद्द्यांना माझ्याकडे उत्तर नाही. ते गंभीर आहेत.

पण दुसरी बाजू कुणी मांडत नाहीये. २०२५ मध्ये इथे पहिल्या पायरीवर सुमारे ८० टक्के अर्ज नाकारले गेले. म्हणजे येणाऱ्यांत आश्रयाची गरज नसलेले बरेच आहेत. त्यांना हा उशीर हवाच असतो. राहायला मिळतं, सहा महिन्यांनी काम मिळतं, नकार आला की अपील. उशिराने खऱ्याचं आयुष्य जातं आणि खोट्याचं भागतं. आणि लोकांचा संताप होतो तो रंग बघून. २३ नोव्हेंबर २०२३ ला दंगलीत डब्लिन पेटलं. २०२५ च्या जुलैत टाला भागात एका भारतीयाला अमानुष मारहाण झाली, दूतावासाला सूचनापत्र काढावं लागलं, 'इंडिया डे' पुढे ढकलला. मारणारे स्टॅम्प ४ बघत नाहीत. माझी मुलगी त्यानंतर कितीतरी दिवस लुआस ट्रामने एकटी गेली नाही. म्हणून मला निर्णय लवकर हवेत, पण नकार मिळालेल्याने परत गेलंही पाहिजे.

सिस्टर_वैशाली
पेठकर, मुलीचं वाचून वाईट वाटलं. माझ्या दोन ज्युनिअर मुलींनी तेव्हा रात्रपाळी सोडली.

तुमच्या शेवटच्या वाक्यातला पहिला अर्धा भाग आणि रानजाईची मागणी यात फार अंतर नाही. निर्णय वेळेत झाला तर आपोआप हक्काचा प्रश्नच येत नाही. मुदत घातली तर सरकारला माणसं नेमावी लागतील. आज उशीर झाला तर सरकारचं काहीच जात नाही.

वकीलीण
मूळ प्रश्नाकडे. ८० टक्क्यांबद्दल एवढंच, की तो पहिल्या पायरीचा आकडा आहे. अपिलात त्यातले काही निर्णय फिरतात.

'आपोआप हक्क' आणि 'काहीच नाही' यांच्या मधलेही मार्ग आहेत. एक, आयर्लंडने स्वतःच केलेला. फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२२ मध्ये, किमान दोन वर्षं अर्ज प्रलंबित असलेल्यांना राहण्याची परवानगी मागता येईल अशी योजना काढली. गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली, बाकीच्यांना कागद दिले. देश बुडाला नाही. पण ती एकदाची होती. तारखेनंतर आलेल्यांचं घड्याळ पुन्हा शून्यावर.

दोन, जर्मनीत अधिकारी काहीच ठरवत नसेल तर त्या निष्क्रियतेविरुद्ध प्रशासकीय न्यायालयात दावा लावता येतो. इथे हायकोर्टात परमादेश, म्हणजे सरकारने आपलं काम करावं असा हुकूम, मागता येतो, आपल्या घटनेच्या कलम २२६ सारखाच, पण तो खर्चिक आहे आणि कोर्ट 'निर्णय द्या' एवढंच सांगतं. माझं मत : अर्जदाराच्या चुकीने झालेला उशीर वगळून दोन वर्षं झाली, की राहण्याचा हक्क द्यावा. पेठकरांची भीती त्या वगळण्यात भागते.

आणि आता घाई करायला हवी, कारण युरोपचा नवा स्थलांतर करार लागू होण्याची तारीख १२ जून २०२६ आहे. त्यात नव्या अर्जांना कडक मुदती आहेत. जुने अर्ज जुन्याच कायद्याखाली चालणार. लीड्सकरांनी सांगितलं ते इथे व्हायला नको. सगळी माणसं नव्या अर्जांच्या मुदती सांभाळायला लावतील आणि जुना ढीग तसाच राहील.

पेठकर
अर्जदारामुळे झालेला उशीर वगळून दोन वर्षं? हे मला मान्य होईल. नकारानंतर परत पाठवण्याबाबत माझं मत कायम.

लीड्सकर
+१. फक्त होकार मिळाल्यावर घर शोधायला पुरेसा वेळ द्या, २८ दिवस नकोत.

रानजाई
सगळ्यांचे आभार, विशेषतः पेठकरांचे, शेवटपर्यंत बोलत राहिल्याबद्दल. वकीलीणबाईंनी निरोपात जे सांगितलं ते त्यांच्या परवानगीने इथे लिहिते, अजून कुणाला उपयोग होईल. मूल १८ च्या जवळ आलं असेल तर अपील लवकर घ्यावं अशी लेखी विनंती अपिलं ऐकणाऱ्या ट्रायब्युनलच्या अध्यक्षांना करता येते. सोबत जन्मदाखला आणि त्याचं अधिकृत भाषांतर जोडायचं. वकील सरकारी लीगल एड बोर्डाकडून मिळाला असेल तर पत्र त्याच्यामार्फतच जाऊ द्या. आमच्या शिक्षिकेकडचा दाखला फ्रेंचमध्ये आहे. डब्लिन किंवा मीथमध्ये अधिकृत फ्रेंच अनुवाद करणारं कुणी ओळखीचं असेल तर आज-उद्याच कळवा, पैसे आम्ही चार-पाच जणी मिळून भरतोय.

धनुकली
माझ्या ऑफिसातली एक जण करते. व्यनि केलाय, नंबर दिलाय. संध्याकाळी सहानंतर फोन कर.